एफईएलव्ही पॉझिटिव्ह मांजर घरी आहे? मग आजच एक वही काढा

आमची खारी 2022 च्या पावसाळ्यात घरी आली. डोंबिवलीला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका स्कूटरच्या सीटवर झोपायची, रंग अगदी खारी बिस्किटासारखा म्हणून नाव खारी, वय डॉक्टरांच्या अंदाजाने वर्षभराचं. पहिला आठवडा नीट जेवली, दुसऱ्या आठवड्यात ताटलीत अर्धं टाकायला लागली, हिरड्या लालभडक, अंग तापलेलं, आणि मग एका संध्याकाळी क्लिनिकमध्ये दोन-तीन थेंब रक्त घेऊन किटवर टाकलं तर दहा मिनिटांत दुसरी रेघ उमटली. फेलाइन ल्युकेमिया, म्हणजेच एफईएलव्ही, पॉझिटिव्ह. तिथेच एकांनी मला सांगितलं की कशाला जीव लावताय, झोपवून टाका. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून तशीच रिक्षात बसले आणि घरी आले. आज तीन वर्षं होऊन गेली, खारी माझ्या समोर खुर्चीवर झोपलीये, आजारी आहे पण आहे. या तीन वर्षांत जे शिकले ते सगळं इथे लिहितेय, कारण त्या रात्री मला मराठीत वाचायला काहीच मिळालं नव्हतं.

नुसती टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून मांजराला झोपवायचं नसतं, हे आता जगभरातले मांजरांचे डॉक्टर सांगतात. हे पहिल्यांदा मनात पक्कं करा आणि मग पुढचं वाचा.

नावाने घाबरू नका, आजार नीट समजून घ्या

नावात ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, आहे पण हा मुळात एक व्हायरस आहे, एफईएलव्ही. 1964 मध्ये स्कॉटलंडच्या ग्लासगोमध्ये विल्यम जॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो सापडला, तोही कॅन्सर झालेल्या मांजरांचा अभ्यास करताना, म्हणून नावाला कॅन्सर चिकटला तो कायमचा. प्रत्यक्षात प्रत्येक पॉझिटिव्ह मांजराला कॅन्सर होत नाही. हा व्हायरस बोन मॅरोमध्ये, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्त बनतं तिथे, जाऊन बसतो, रक्त बनायचं कमी होतं, अंगातली लढायची ताकद कमी होते, आणि मग जी सर्दी दुसऱ्या मांजराची चार दिवसांत जाते ती आपल्या मांजराला दोन आठवडे आडवं करते. तोंडात जखमा, वारंवार ताप, जुलाब, अंगावर फंगल, रक्त कमी होणं, काहींना छातीत किंवा पोटात गाठ, असं सगळं याच एका मुळातून येतं.

पसरतो तो मुख्यतः लाळेतून. एकमेकांना चाटणं, एका ताटलीत खाणं, भांडणात चावणं, आणि आईकडून पिल्लांना. लहान पिल्लांना सगळ्यात पटकन लागतो. माणसाला होत नाही, कुत्र्याला होत नाही, घरात तान्हं बाळ असलं तरी या व्हायरसची भीती नाही, हे सासूबाईंना मला दहा वेळा सांगावं लागलं. शरीराबाहेर तो काही तासांच्या वर टिकत नाही, भांडी घासायच्या साबणानेसुद्धा मरतो.

आता एक घोळ जो मी स्वतः घातला होता. पॅनल्युकोपेनिया नावाचा एक वेगळा आजार आहे, तो मांजरांचा पार्वो, कुत्र्यांच्या पार्वोच्या जातीतला, त्याचं नाव सारखं वाटतं म्हणून लोक गल्लत करतात. तो व्हायरस घरात महिनोन्महिने चिवटपणे राहतो, त्याची उलटी-जुलाबाची लागण झपाट्याने जीव घेते, आणि त्याची लस आपल्याकडे सर्रास मिळते. तुमच्या कार्डावर ट्रायकॅट लिहिलंय ना, ती लस पॅनल्युकोपेनिया आणि दोन सर्दीच्या व्हायरसविरुद्ध असते, एफईएलव्हीविरुद्ध नाही. म्हणजे माझ्या मांजराची सगळी व्हॅक्सिन झालीत, मग हे कसं झालं, या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

टेस्ट एकदा करून थांबू नका. ती टेस्ट रक्तातलं व्हायरसचं प्रोटीन शोधते आणि पहिल्या पॉझिटिव्हवर सगळं ठरवायचं नसतं. काही मांजरांचं शरीर व्हायरसला दाबून टाकतं, मग काही आठवड्यांनी तीच टेस्ट निगेटिव्ह येते, फक्त व्हायरसचा अंश मॅरोमध्ये लपून राहतो. तेव्हा महिना-दीड महिन्याने परत टेस्ट करा आणि जमलं तर पीसीआर, म्हणजे व्हायरसचं जनुक शोधणारी लॅबमधली टेस्ट, करून घ्या, किटवरच्या टेस्टपेक्षा जास्त कळतं. उलटंही खरं आहे, नुकतीच लागण झालेली असेल तर पहिली टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. खारीच्या दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आल्या. व्हायरस असा टिकून राहिला तर निदानानंतर साधारण अडीच-तीन वर्षं असा आकडा सांगतात, पण काही मांजरं सहा महिन्यांत जातात आणि काही कित्येक वर्षं काढतात.

वही

शंभर पानी साधी वही घ्या. या आजारात जे काही बिघडतं ते आधी अगदी बारीक दिसतं आणि मांजर दुखणं लपवतं, त्यामुळे डोळ्याला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. लिहिलेलं असलं की कळतं. मी रोज रात्री एक ओळ लिहिते, किती खाल्लं, पाणी प्यायली का, शी-शू किती वेळा आणि कशी, उलटी, आणि ती कुठे झोपली. शेवटचं वेड्यासारखं वाटेल, पण खारी नेहमी खिडकीत झोपते आणि ज्या दिवशी ती पलंगाखाली जाऊन झोपली त्याच्या दुसऱ्या दिवशी ताप निघाला, असं तीन वेळा झालंय.

दर रविवारी वजन. तुमचा माणसांचा काटा चालेल, मांजराला घेऊन उभं राहा मग एकटे उभे राहा आणि वजा करा, पण शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक त्यात सापडत नाही म्हणून मी किराणावाल्याकडे असतो तसा दहा किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, त्यावर प्लास्टिकची टोपली ठेवते आणि तिला खाऊ दाखवून बसवते. 4 किलोच्या मांजराचं 200 ग्रॅम कमी होणं म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो कमी होणं. दोन रविवार लागोपाठ काटा खाली गेला की फोन करायचा, ती जेवतेय दिसत असली तरी.

आठवड्यातून दोनदा ओठ वर करून हिरड्या बघा, उजेडात, शक्यतो खिडकीपाशी. तब्येत बरी असताना तुमच्या मांजराच्या हिरड्यांचा एक फोटो काढून ठेवा कारण प्रत्येकाचा रंग थोडा वेगळा असतो आणि पांढरट झाल्यात का हे तुलना केल्याशिवाय कळत नाही. झोपलेली असताना मिनिटाला श्वास मोजा, पोट एकदा वर-खाली म्हणजे एक. तीसच्या आत असायला हवा. ताप बघायला वेगळं डिजिटल थर्मामीटर ठेवा, थोडं व्हॅसलिन लावून शीच्या जागी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर आत, एकाने धरायचं, एकाने बघायचं, डॉक्टरांकडून एकदा शिकून घ्या. मांजराचं नॉर्मल 100.5 ते 102.5 फॅरेनहाइट असतं, म्हणजे आपल्यापेक्षा जास्त, तेव्हा 101 बघून घाबरू नका. 103 च्या वर गेलं तर कळवा आणि 99 च्या खाली गेलं तर लगेच उचलून निघा.

घर कसं ठेवायचं

बाहेर सोडायचं नाही, पूर्ण बंद. दोन कारणं आहेत, बाहेरच्या मांजरांना तिच्याकडून लागण होऊ नये आणि तिला बाहेरून काही मिळू नये. आमच्याकडे बाल्कनीला कबुतरांची जाळी मारतात ती मारून घेतली, किचनच्या खिडकीलासुद्धा, कारण खारी तिथून ओट्यावरून उडी मारायची. ऑपरेशन, म्हणजे न्यूटरिंग, केलेलं नसेल तर तब्येत स्थिर असताना करून घ्या, माजावर आलेली मांजर घरात राहत नाही आणि तो ताणही तिला नको.

घरात दुसरी मांजरं असतील तर सगळ्यांची टेस्ट करा. निगेटिव्ह असतील त्यांना वेगळ्या खोलीत ठेवणं हाच खरा उपाय आहे, वेगळी ताटली, वेगळं पाणी, वेगळा लिटर बॉक्स. वन बीएचकेमध्ये हे किती अवघड आहे मला माहितीये, माझ्या बहिणीने खारीच्या आधीच्या बोक्याला म्हणूनच स्वतःकडे नेलं आणि मी आठवड्याला त्याला भेटायला ठाण्याला जाते. त्याची टेस्ट निगेटिव्ह आली, परत केली तेव्हाही निगेटिव्ह, आणि तो तिकडे सुखात आहे. एफईएलव्हीची लस परदेशात असते पण ती निगेटिव्ह मांजरांसाठी, आधीच पॉझिटिव्ह असलेल्याला तिचा काही उपयोग नाही.

पिसवा आणि गोचिड्या अजिबात नकोत कारण पिसवांमधून मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू येतो असं मानतात, तो लाल पेशींवर बसतो आणि ज्या मांजराचं रक्त आधीच कमी बनतंय तिचं उरलेलं पण खातो. मानेवर टाकायचं औषध मिळतं ते मांजराचंच आणा. कुत्र्याच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं ते मांजराला विष आहे, एक थेंबसुद्धा नको, झटके येतात.

आणि फिनाईल. आपल्याकडे लादी फिनाईलने पुसल्याशिवाय घर स्वच्छ झाल्यासारखं वाटत नाही, पण मांजर त्याच लादीवर चालतं आणि मग पंजे चाटतं, आणि तिच्या लिव्हरला ते पचवता येत नाही. साधं साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, बस. डांबरगोळ्या, कापूर, निलगिरी तेल, चोळायचा बाम हे सगळं तिच्यापासून लांब. सर्दी झाली म्हणून नाकाला बाम लावू नका, बाथरूममध्ये गरम पाण्याची बादली भरून दार लावून दहा मिनिटं तिला घेऊन बसा, मग कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने नाक-डोळे पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा.

पावसाळ्यात अंगावर गोल टक्कल पडल्यासारखं दिसलं तर ते फंगल असू शकतं आणि ते मात्र माणसांना लागतं, तेव्हा हात धुवा आणि दाखवा. दिवाळीत आणि गणपतीत ढोल-फटाक्यांच्या वेळी मी तिला आतल्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुनी साडी घालून जागा करते, पंखा फुल. ताण आला की दबलेला व्हायरससुद्धा डोकं वर काढू शकतो म्हणून रोजचं वेळापत्रक मोडू नका, पाहुणे आले तरी तिची जेवायची वेळ तीच.

खाणं, ज्यावर सगळं अडतं

कच्चं काही नाही. हा नियम आमच्या मच्छीवाल्या मावशींना सांगणं सगळ्यात अवघड गेलं, त्या प्रेमाने मांदेलीची डोकी वेगळी काढून ठेवायच्या. कच्च्या मासळीत, चिकनमध्ये, अंड्यात जे जंतू असतात ते धडधाकट मांजर पचवतं, आपलं नाही पचवत. उकडून द्या, काटे काढून, मीठ-हळद-मसाला काही न घालता. सुकट, सोडे नकोत, मीठ फार असतं. दूधही नको, बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही आणि जुलाब लागले की अंगातलं पाणी जातं. आई फोनवर म्हणायची, "अगं पण मांजर आहे ना ती, दूध नाही तर काय देणार?" शेवटी मी तिला वहीतलं जुलाबाचं पान वाचून दाखवलं तेव्हा पटलं.

कांदा-लसूण तर बिलकुल नाही, रश्श्यातला, सूपमधला, पावडरमधला कुठलाच नाही, कारण त्याने मांजराच्या लाल पेशी फुटतात, आणि आपल्या मांजराला एकेक लाल पेशी हवी आहे.

रोजचा मुख्य आहार चांगलं कॅट फूडच असावं, ओलं आणि सुकं मिळून, कारण नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजर राहू शकत नाही, टॉरिन आणि कॅल्शियम कमी पडतं. चिकन वरून, चव म्हणून. 4 किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 200 कॅलरी लागतात, पाकिटावर बघून हिशोब करा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे आज अर्धं पाकीट खाल्लं म्हणजे नेमकं किती हे कळतं.

खात नसेल तर. एक वेळ जेवण सोडलं, ठीक आहे, लक्ष ठेवा. पूर्ण 24 तास काही खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन, उद्यावर टाकू नका, कारण दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या लिव्हरवर चरबी चढते आणि ते स्वतःच एक जीवघेणं दुखणं आहे. तोवर घरी काय करता येतं तर ओलं फूड कोमट करा, वाटी गरम पाण्यात ठेवून, बोटाला जेमतेम गरम लागेल इतकंच, गरम केलं की वास सुटतो आणि नाक चोंदलेलं मांजरही वळून बघतं. खोल वाटी नको, सपाट बशी घ्या, तोंडात जखमा असतील तर मिश्या आणि ओठ कडेला लागले तरी दुखतं. उकडलेल्या मासळीचं नुसतं पाणी वरून घाला. जवळ बसा, बोटाने थोडं ओठाला लावा, चाटलं तर चाटलं. खारी माझ्या हातून खात नाही तेव्हा कधीकधी माझ्या नवऱ्याच्या हातून खाते, का ते माहीत नाही, पण आम्ही आळीपाळीने बसतो.

सिरिंजने भरवायचं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण मळमळत असताना जबरदस्तीने भरवलं तर त्या फूडचीच शिसारी बसते आणि मग ते ती परत कधी तोंडात घेत नाही. आधी मळमळीचं औषध, भूक लागायचं औषध, डॉक्टर मिर्टाझापिनसारखं काही देतात, आणि मग भरवणं. मांजराला लहान बाळासारखं दुपट्यात गुंडाळा, तोंड बाहेर, मान सरळ, आकाशाकडे कधीच नाही. सिरिंज दातांच्या बाजूने गालाच्या कडेने आत, अर्धा ते एक मिली, गिळू द्या, परत. एका बसणीला वीस-तीस मिली खूप झालं. रिकव्हरीचं मऊ फूड पाकिटात-डब्यात मिळतं ते सिरिंजमधून जातं. आठवडाभर असंच चाललं तर फीडिंग ट्यूबचा विचार करा, गळ्यातून नळी घालतात ते बघायला भीती वाटते, पण रोजच्या झटापटीपेक्षा मांजराला त्यात त्रास कमी असतो, असं माझं स्वतःचं मत झालंय.

औषधं देताना

व्हायरस मुळापासून काढणारं औषध नाही. एचआयव्हीसाठी वापरतात ते झिडोव्ह्युडिन काही मांजरांना देतात, तोंडाच्या जखमांना त्याने फरक पडू शकतो, पण ते स्वतः रक्त कमी करू शकतं म्हणून ज्यांचं रक्त आधीच कमी आहे त्यांना जपून आणि सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करत करतच. बाकी सगळे उपचार हे जे जे वर येईल त्याचे असतात, इन्फेक्शनला अँटिबायोटिक, वेळेवर आणि पूर्ण कोर्स, आपल्या मनाने तिसऱ्या दिवशी बंद करू नका. स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं की मांजर दोन दिवस छान खातं आणि आपल्याला बरं वाटतं, पण त्याने प्रतिकारशक्ती आणखी दबते, तेव्हा दर वेळी शांतपणे विचारा, डॉक्टर यात स्टिरॉइड आहे का आणि कशासाठी देताय. कधीकधी खरंच लागतं, तेव्हा द्यायचं.

डॉक्सिसायक्लिनची गोळी कोरडी देऊ नका. ती अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजल्यासारखी जखम होते. मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी पहिले चार दिवस कोरडीच दिली, नशिबाने काही झालं नाही, पण अजून आठवलं की अंगावर काटा येतो. गोळी दिली की लगेच सुई काढलेल्या सिरिंजने पाच-सहा मिली पाणी द्या किंवा लगेच ओलं जेवण. कडू गोळ्यांनी तोंडाला फेस येतो, विष चढलंय असं वाटतं, पण ती नुसती कडवट चव असते, मेडिकलमधून रिकाम्या जिलेटिन कॅप्सूल आणा आणि त्यात घालून द्या.

आता सगळ्यात मोठ्याने सांगायचंय ते. पॅरासिटामॉल मांजराला कधीही, कितीही छोटा तुकडा, देऊ नका. क्रोसिन, डोलो, लहान मुलांचं तापाचं सिरप, सगळं तेच. मांजराच्या रक्तातला ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच ते काढून घेतं, हिरड्या तपकिरी-निळ्या पडतात, आणि तासांमध्ये जीव जातो. ताप आहे म्हणून पाव गोळी दिली असं सांगत लोक दवाखान्यात येतात आणि उशीर झालेला असतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन पण नाही.

चामडीखाली सलाईन घरी द्यायला शिकता येतं, आम्ही शिकलो. डॉक्टर ठरवतील तेवढंच, मोठ्या मांजराला एका वेळी साधारण शंभर मिली, बाटली कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी करायची, खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी उचलायची, सुई तंबूच्या तळाशी. पाठीवर पाण्याचा फुगा येतो, खाली पायाकडे उतरतो, काही तासांत जिरतो. सुई दर वेळी नवी, वापरलेली कोल्ड्रिंकच्या बाटलीत बंद करून ठेवा आणि क्लिनिकला परत द्या. रक्त खूप कमी असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर हेच सलाईन घातक ठरतं, म्हणून प्रत्येक वेळी आधी विचारून.

रक्त कमी होतं तेव्हा

खारीला गेल्या दिवाळीपासून हेच चाललंय. लक्षण काय दिसलं तर ती भिंत चाटायला लागली. मग लिटरमधली माती खायला लागली. मला वाटलं खेळतेय. वहीत मात्र सलग पाच दिवस भिंत चाटली, भिंत चाटली असं लिहिलेलं होतं आणि ते बघून डॉक्टरांनी लगेच पीसीव्ही केलं, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती. मांजराचा साधारण 25 ते 45 टक्के असतो, तिचा 17 होता.

अशा वेळी ओळखीतला प्रत्येक जण आयर्नचं टॉनिक सांगतो, बीट सांगतो. या आजारात रक्त कमी होतं ते बहुतेक वेळा लोह नाही म्हणून नाही, मॅरो बनवतच नाही म्हणून, तेव्हा टॉनिकने पोट बिघडतं आणि आकडा तिथेच राहतो. डॉक्टरांना विचारा की नवीन पेशी बनतायत का, म्हणजे रेटिक्युलोसाइट काउंट, आणि मायकोप्लाझ्माची तपासणी करा, कारण ते निघालं तर डॉक्सिसायक्लिनने आकडा खरोखर वर येतो. खारीचं तेच निघालं आणि पाच आठवड्यांत 17 चं 24 झालं. परत उतरलंय, आता 20 आहे.

फार खाली गेलं तर रक्त द्यावं लागतं. मांजरांचे ए, बी आणि एबी असे गट असतात आणि माणसांमध्ये ओ निगेटिव्ह कुणालाही चालतं तसा कुणालाही चालणारा गट यांच्यात नाही, बी गटाच्या मांजराला ए गटाचं रक्त दिलं तर पहिल्याच वेळी जीव जाऊ शकतो. म्हणून गट तपासल्याशिवाय किंवा क्रॉसमॅच, म्हणजे दोन्ही रक्तं एकमेकांना चालतात का ते बघणं, केल्याशिवाय रक्त घ्यायचं नाही, कितीही घाई असली तरी. तब्येत बरी असतानाच तिचा गट काढून वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, आणि ओळखीतलं एखादं धडधाकट, घरात राहणारं, एफईएलव्ही आणि एफआयव्ही (मांजरांचा एचआयव्हीसारखा दुसरा व्हायरस) निगेटिव्ह मांजर हेरून ठेवा. आमच्यासाठी शेजारच्या विंगमधल्या काकूंचा पाच किलोचा बोका तयार आहे.

रक्त कमी असलेल्या मांजराला थंडी वाजते. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून तिच्या बाजूला, अंगाखाली नाही, आणि ती उठून लांब जाऊ शकेल इतकी जागा ठेवून.

कधी वाट बघायची नाही

तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर असतील, मागचे पाय ओढत असेल, वारंवार उलटी होऊन पाणीही टिकत नसेल, बोक्याला शू होत नसेल आणि तो सारखा लिटरमध्ये जाऊन बसत असेल, तर रात्रीचे दोन असले तरी निघायचं. म्हणून रात्री कोण उघडं असतं हे आजच शोधून ठेवा. मुंबईत परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, 1886 पासूनचं, महालक्ष्मीला 2024 मध्ये टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटल सुरू झालंय. मुंबईबाहेर असाल तर नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला इथे पशुवैद्यकीय शिक्षण संस्थांचे दवाखाने आहेत, आधी फोन करून मांजर बघतात का, वेळ काय, ब्लड टेस्ट होते का विचारा. पिंजरा, म्हणजे कॅरिअर, कायम घरात उघडा ठेवा, आत तिचं फडकं घालून, म्हणजे तो दिसला की ती पळणार नाही. खारी दुपारी त्यातच झोपते.

बाकी वेळी दर सहा महिन्यांनी चेकअप आणि सीबीसी, वजन, तोंड, पोट चाचपून बघणं. जंताचं औषध ठरल्या वेळी. रेबीज आणि बाकी लसी तब्येत स्थिर असताना डॉक्टरांशी बोलून. क्लिनिकमध्ये सांगून ठेवा की पॉझिटिव्ह आहे, पहिली किंवा शेवटची वेळ मागा, कॅरिअरवर ओढणी टाका, आणि जमिनीवर न ठेवता मांडीवर घ्या.

पैशांचं पण बोलूया कारण कुणी बोलत नाही. आम्ही दर महिन्याला ठरलेली रक्कम एका वेगळ्या खात्यात टाकतो, आरडी असते तशी, त्याला खारीचं खातं म्हणतो. काही महिने त्यातून फक्त फूड निघतं आणि मग एका आठवड्यात सगळं संपतं. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की माझ्याकडे आत्ता इतकेच आहेत, यातली कुठली टेस्ट आधी करू. चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत, नीट क्रम लावून देतात.

आणि ते दुसरं बोलणं, जे टाळता येत नाही. एक दिवस औषधांचा उपयोग होईनासा होईल, आणि तो दिवस ओळखणं आपल्यावर आहे. आधी भुलीचं इंजेक्शन देतात, ती झोपते, मग दुसरं, तिला कळत नाही, तुम्ही तिच्याजवळ बसू शकता, मी डॉक्टरांना हे सगळं आधीच विचारून घेतलंय, आणि नंतर कुठे न्यायचं तेही. त्यानंतर दुसरं मांजर आणायचं असेल तर भांडी, लिटर बॉक्स साबणाने धुवून किंवा नवीन घेऊन महिनाभर थांबा, व्हायरस त्याच्या कितीतरी आधी मेलेला असतो, थांबायचं ते जास्त आपल्यासाठी.

ओळखायचं कसं, तर डॉक्टरांनी सांगितलं तसं आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर खारीला आवडणाऱ्या तीन गोष्टी लिहिल्यात. सकाळी मावशींची "म्हावरं घ्या" अशी हाक आली की उठून खिडकीत जाणं, नवऱ्याच्या बॅगेवर बसून त्याला ऑफिसला जाऊ न देणं, आणि रात्री माझ्या पायावर डोकं ठेवणं. त्यातल्या दोन बंद झाल्या आणि आठवडाभर परत आल्या नाहीत की डॉक्टरांना घरी बोलवायचं, हे आम्ही दोघांनी शांत डोक्याने ठरवून खाली सह्या केल्यात, म्हणजे त्या दिवशी एकाने दुसऱ्याला अडवायला नको. रोज रात्रीची ओळ लिहून झाली की मी ते पान उलटते आणि तीन खुणा करते. परवा बॅगेवर बसली नाही. काल बसली. आज तिन्हीवर खूण आहे.